पायथनमधून व्हीबॉक्समॅनेज चालवणारी छोटी लायब्ररी लिहिलीये, पण क्रॉनमधून एकही व्हीएम दिसत नाही

लॅबची_किल्ली

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून टाइप करतोय त्यामुळे कमांडसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीतच आल्यात, तेवढं चालवून घ्या.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. आमच्याकडे ६४ जीबी रॅमचा एक सर्व्हर आहे, त्यावर उबुंटू आणि व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक आभासी मशीन, व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर. एका बॅचला २० पोरं, प्रत्येकाला स्वतःची लिनक्स व्हीएम द्यायची, त्यांनी आत पाहिजे तो गोंधळ घालायचा आणि प्रॅक्टिकल संपलं की सगळ्या पुसून पुढच्या बॅचला नव्याकोऱ्या द्यायच्या. आधी हे सगळं माऊसने चालायचं, राइट क्लिक, क्लोन, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि तोवर पोरं मागे उभी राहून कॉमेंट्री करणार. म्हणून पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहायला घेतली. फार काही नाही, मशीन नावाचा एक क्लास, त्याला चालू, बंद, क्लोन, स्नॅपशॉट अशा मेथड, आणि आतून प्रत्येक मेथड सबप्रोसेसने व्हीबॉक्समॅनेज ही व्हर्च्युअलबॉक्सची कमांड चालवते आणि जे टेक्स्ट येतं ते वाचते.

हाताने चालवलं तर झकास चालतं. पण रात्री जुन्या व्हीएम साफ करायला स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत, टाकली, सुडो क्रॉनटॅब करून, तर लिस्ट व्हीएम्सचं उत्तर रिकामं. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं रिकामं. सकाळी टर्मिनलवर तीच कमांड मारली की सगळ्या हजर. हे एक झालं. दुसरं म्हणजे पॉवरऑफ केल्या केल्या मॉडिफायव्हीएमने रॅम बदलायला गेलो की मशीन ऑलरेडी लॉक्ड बाय अ सेशन असा एरर येतो, तोही कधी येतो कधी नाही, मर्जीवर आहे त्याच्या. आणि तिसरं तर डोक्यात जाणारं आहे. व्हीएम तयार झाली का हे बघायला मी होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, फॉरवर्ड केलेल्या पोर्टला कनेक्ट करून बघतो, कनेक्ट झालं की स्क्रिप्ट रेडी म्हणते, पण पोरांनी एसएसएचने आत लॉगिन मारलं की कनेक्शन रिसेट.

आमचे एचओडी म्हणतायत की कमांड चालवून टेक्स्ट वाचणं हा शुद्ध जुगाड आहे, नीट एपीआय वापर, म्हणजे कमांड मधे न आणता कोडमधून थेट व्हर्च्युअलबॉक्सशी बोल. खरंच तसं आहे का? सगळं सोडून व्हर्च्युअलबॉक्सच्या पायथन एपीआयवर जाऊ, की केव्हीएम आणि लिबव्हर्ट या दुसऱ्या जोडीवर जाऊ, का आहे तेच दुरुस्त करत बसू?

आयतोबा

व्हॅग्रंट आहे की राव, व्हीएम बनवून पुसून देणारं टूल. व्हॅग्रंटफाइलमध्ये २० चा लूप लावायचा, व्हॅग्रंट अप, व्हॅग्रंट डिस्ट्रॉय, विषय संपला. लिंक्ड क्लोनचा ऑप्शनपण आहे त्यात. आयतं मिळतंय तर कशाला हा उपद्व्याप.

मध्यरात्रीचा_पेजर

आयतोबा, सल्ला बरोबर आहे तुमचा, पण गंमत अशी की व्हॅग्रंटसुद्धा आतून हेच करतं, व्हीबॉक्समॅनेज चालवतं आणि टेक्स्ट वाचतं. २०१० मध्ये ते आलं तेव्हा रुबीच्या एका जेममधून थेट व्हर्च्युअलबॉक्सच्या एपीआयशी बोलायचं, पुढे ते सोडून कमांडवर आले. तेव्हा एचओडी साहेबांना सांगा, जुगाड म्हणायचाच तर मोठ्या घरचा जुगाड आहे.

आता किल्लीदादा तुमचे प्रश्न.

क्रॉनचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, सुडो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनची नोंद सगळ्या सर्व्हरसाठी मिळून एक अशी नसते, प्रत्येक युजरची वेगळी असते. लिनक्सवर तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग, त्यात व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फोल्डर, त्यात एक एक्सएमएल फाइल, त्यात तुमच्या मशीनची यादी. व्हीबॉक्समॅनेज स्वतः फार काही करत नाही, ते मागे व्हीबॉक्सएसव्हीसी नावाच्या प्रोसेसला विचारतं आणि ती प्रोसेस ज्या युजरने कमांड मारली त्याच्या नावाने उठते. सुडो क्रॉनटॅब म्हणजे रूटचा, सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनचा, क्रॉन, रूटच्या नावावर एकही मशीन नाही, म्हणून यादी रिकामी, आणि रिकामी यादी हा काही एरर नाही त्यामुळे एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, शून्य, म्हणजे सगळं ठीक. तुमच्या लायब्ररीला वाटलं साफ करायला काही शिल्लकच नाही. व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये टाकून हे सुटत नाही, तो ग्रुप प्रामुख्याने यूएसबी वगैरेसाठी आहे, यादी त्याने वाटून घेता येत नाही. ज्या युजरने मशीन बनवल्या त्याच्याच क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्ट टाका, बस. आणि लायब्ररीत सुरुवातीलाच एक तपासणी ठेवा की बेस मशीन, जिच्यावरून क्लोन करता ती, यादीत दिसतेय का, नसेल तर तिथेच बोंब मारून थांबायचं.

लॉकचं असं आहे की पॉवरऑफची कमांड परत आली म्हणजे मशीनची सेशन सुटली असं नाही. मशीन बंद झाली, पण ती चालवणारी प्रोसेस आवरून बाहेर पडेपर्यंत थोडा वेळ जातो आणि तेवढ्या फटीत तुमचं मॉडिफायव्हीएम येऊन धडकतं. सर्व्हरवर लोड असला की फट मोठी होते, म्हणून कधी येतं कधी नाही. ठरावीक सेकंद स्लीप टाकणं हा उपाय नाही, आज दोन पुरतील, २० मशीन चालू असताना पाच पुरणार नाहीत. तोच विशिष्ट एरर आला तर थोडं थांबून परत प्रयत्न, ठरावीक वेळा, मग हार मानायची. व्हॅग्रंटच्या कोडमध्येही काही कमांडना असंच तीनदा संधी देतात. पण सरसकट सगळ्या एररवर परत परत प्रयत्न नको, डिस्क भरली असेल तर तीनदा विचारून ती रिकामी होणार नाही.

पोर्टचा प्रकार सगळ्यात मजेशीर. नॅटमध्ये, म्हणजे व्हीएम होस्टच्या आडून नेटवर्कवर जाते त्या पद्धतीत, फॉरवर्ड केलेला पोर्ट ऐकत असतो तो होस्टवर, व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट इंजिनच ऐकत असतं, आतली लिनक्स अजून बूट होत असली तरी. म्हणजे दारावरचा वॉचमन या या म्हणून आत घेतो आणि घरात कोणीच नाही. कनेक्ट झालं याला काही अर्थ नाही. कनेक्ट झाल्यावर दोनतीन सेकंदांच्या टाइमआउटने काही बाइट वाचा, एसएसएच सर्व्हर आधी स्वतःहून बोलतो, एसएसएच दोन पॉइंट शून्य अशी सुरुवात असलेली ओळ आली तर आत खरंच कोणीतरी आहे, नाहीतर बंद करून परत. आणि फॉरवर्डिंगच्या रूलमध्ये होस्ट आयपी रिकामा ठेवला असेल तर तो पोर्ट सर्व्हरच्या सगळ्या नेटवर्कवर उघडा असतो, तुमच्या पोरांना बाहेरून यायचंय म्हणून ठीक आहे, पण मग आतला पासवर्ड स्टुडंट स्टुडंट असेल तर विचार करा.

एपीआय की कमांड यावर माझं मत, कमांड चालवण्यात कमीपणा काही नाही. फक्त कमांडवर विश्वास ठेवायचा नाही. स्टार्टव्हीएम परत आलं म्हणजे प्रोसेस उठली एवढंच, मशीन वापरायला तयार झाली असं नाही. एसीपीआय पॉवर बटणाची कमांड परत आली म्हणजे बटण दाबलं गेलं, आतली ओएस त्याला भीक घालेल की नाही ते तिच्यावर. तुमच्या मेथडने कमांड मारायची आणि नंतर वेगळं विचारायचं, शोव्हीएमइन्फो मशीनरीडेबल फ्लॅगने, व्हीएमस्टेट काय आहे, आणि हवी ती अवस्था दिसेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत थांबायचं. लायब्ररीचा जीव यातच आहे, बाकी सबप्रोसेसची एक ओळ कोणीही लिहील.

तिसरी_विंडो

पेजरदादांशी बरंचसं सहमत, पण एपीआयची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितेय.

मशीनरीडेबल हे नाव ऐकून फसू नका. साधारण नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत अशा ओळी असतात, पण किंमत कधी अवतरणचिन्हात असते, जशी व्हीएमस्टेटची, आणि कधी नसते, जशी मेमरीची. कधीकधी डावीकडचं नावच अवतरणात असतं, डिस्क कुठल्या कंट्रोलरला लावलीये त्या ओळी बघा. कोणी मशीनच्या डिस्क्रिप्शनमध्ये एंटर मारून दोनतीन ओळी लिहिल्या की ओळीओळीने फोडणारा पार्सर, म्हणजे टेक्स्टमधून माहिती काढणारा कोड, गंडला. आणि गेस्टप्रॉपर्टी गेट, आतल्या मशीनची माहिती विचारणारी कमांड, बघा, आयपी मिळाला तर व्हॅल्यू आणि पुढे आयपी, नाही मिळाला तर नो व्हॅल्यू सेट, आणि दोन्ही वेळा एक्झिट कोड शून्यच! गेस्टप्रॉपर्टी एन्युमरेटचं तर सगळं स्वरूपच ६ मधून ७ मध्ये जाताना बदललं, आधी नेम, व्हॅल्यू, टाइमस्टॅम्प असं स्वल्पविराम देऊन यायचं, आता बरोबरच्या चिन्हाने येतं. ज्यांनी त्यावर रेजेक्स, टेक्स्टमधला नमुना शोधणारी सूत्रं, लावले होते त्यांचे हाल विचारू नका. व्हॅग्रंटच्या कोडमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी ड्रायव्हर फाइल आहे, ४.० पासून ७ पर्यंत, ती काय कोणी हौसेने नाही ठेवली.

एपीआयमध्ये अवस्था ही अवस्था म्हणून येते, तिचं टेक्स्ट करून परत अवस्था करायची गरज नाही. लांब चालणाऱ्या कामाला प्रोग्रेस ऑब्जेक्ट मिळतो, त्यावर थांबता येतं, तो काम संपलं की फेल झालं ते नीट सांगतो. सेशन लॉक तुम्ही स्वतः घेता आणि स्वतः सोडता, म्हणजे पॉवरऑफनंतरच्या फटीत नक्की कशाची वाट बघायची हे तरी कळतं.

आता तोटापण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. व्हर्च्युअलबॉक्सचा एपीआय मुळात कॉम या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीवर आहे, विंडोजवर खरा कॉम आणि लिनक्सवर एक्सपीकॉम, आणि पायथनची जोडणी व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या व्हीबॉक्सएपीआय मॉड्यूलवर चालते. ते ज्या पायथनशी जुळतं तोच पायथन लागतो. विंडोजवर ७ इन्स्टॉल करताना मिसिंग डिपेंडन्सीज, पायथन कोअर आणि विन३२एपीआय असा डबा ज्यांनी ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, तो याचसाठी येतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं की मॉड्यूल सापडत नाही, पायथन बदलला की परत शोधाशोध. पिपवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं एक पॅकेज आहे, पायव्हीबॉक्स म्हणतात त्याला, लिहायला फार सोपं पडतं, पण तेही खालून याच मॉड्यूलवर उभं आहे.

अवांतर, मी श्टुटगार्टच्या बाजूला राहते आणि व्हर्च्युअलबॉक्स ज्या इनोटेकने बनवलं ती कंपनी इथे शेजारीच, वाइनश्टाटची. २०१७ पर्यंत मला पत्ताच नव्हता, मला वाटायचं सन कंपनीचंच बाळ आहे. सनने ती २००८ मध्ये घेतली आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेली.

घाटाखालचा

लिनक्स सर्व्हर आहे, विंडोज होस्टची भानगड नाही, मग व्हर्च्युअलबॉक्स कशाला हा पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही. केव्हीएम ही व्हीएम चालवणारी सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, २००७ पासून, २.६.२० मध्ये आलं. त्यावर लिबव्हर्ट टाका. इथे उलटं आहे, आधी सी मधली लायब्ररी आणि मग तिच्यावर व्हर्श नावाची कमांड, म्हणजे कमांड जे करते ते सगळं पायथनमधून थेट करता येतं, टेक्स्ट वाचायची वेळच येत नाही. चूक झाली की लिबव्हर्टएरर नावाचं एक्सेप्शन येतं त्यात कोड असतो, मशीनची अवस्था आकडा म्हणून येते, आणि इव्हेंटला कॉलबॅक लावला तर मशीन बंद झाली हे तुम्हाला येऊन सांगितलं जातं, दर सेकंदाला विचारत बसायला नको.

पण खड्डे इथेही आहेत, तुमच्या क्रॉनसारखाच तर पहिलाच. साध्या युजरने व्हर्श लिस्ट मारलं की ते सेशनवाल्या कनेक्शनला जातं आणि सुडोने मारलं की सिस्टिमवाल्याला, दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या. लोक ग्रुपवर येऊन ओरडतात माझ्या मशीन गेल्या म्हणून, गेल्या कुठेच नसतात. कनेक्शनचा यूआरआय नेहमी स्वतः लिहायचा, डिफॉल्टवर सोडायचा नाही.

दुसरं, व्हर्श डिस्ट्रॉय. व्हॅग्रंटमध्ये डिस्ट्रॉय म्हणजे मशीन डिस्कसकट पुसली. व्हर्शमध्ये डिस्ट्रॉय म्हणजे फक्त वायर उपटली, मशीन तशीच आहे, परत स्टार्ट करा. पुसायचं असेल तर अनडिफाइन, आणि डिस्कपण घालवायची असेल तर त्याला रिमूव्ह ऑल स्टोरेज. आयतोबांच्या सवयीने इथे आलात तर सर्व्हरची डिस्क हळूहळू भरत जाईल आणि कळणारही नाही.

आणि कोणाला तरीही व्हर्श चालवून टेक्स्टच वाचायचं असेल तर एलसी ऑल हे भाषेचं सेटिंग सी ठेवूनच चालवा. लिबव्हर्टचे संदेश वेगवेगळ्या भाषांत आहेत, त्यात मराठीची फाइलपण आहे. कोणी सर्व्हरचं लोकेल मराठी ठेवलं आणि तुमची स्क्रिप्ट रनिंग हा शब्द शोधत बसली तर बसेल शोधत.

एकाच सर्व्हरवर दोन्ही ट्राय करणार असाल तर मात्र जपून. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय एका वेळी एकालाच मिळते. ६.१२ कर्नलपासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच ती अडवून ठेवतं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सची मशीन उठत नाही आणि व्हीएमएक्स रूट मोडचा एरर येतो. मॉड्यूल काढा किंवा बूटच्या ओळीत केव्हीएमचं एनेबल व्हर्ट ॲट लोड शून्य करा.

आयतोबा

@घाटाखालचा म्हणजे लिबव्हर्ट शुद्ध शाकाहारी आणि आम्ही सगळे जुगाडू असं ना?

घाटाखालचा

नाही हो. लिबव्हर्टमध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि प्लेयरसाठी ड्रायव्हर आहे, तो आतून व्हीएमरन ही कमांड चालवतो. म्हणजे गरज पडली की सगळेच करतात.

लॅबची_किल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

क्रॉनचं सुटलं, माझ्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाकलं आणि रात्री नीट साफ झालं. एसएसएचची ओळ वाचून रेडी म्हणायचं तेही केलं, पोरांची ओरड बंद. केव्हीएमवर जायचा विचार पक्का आहे पण तो सुट्टीत, आत्ता सेमिस्टर चालू आहे आणि मधेच सगळं उचकटलं तर सर मलाच उचकटतील. तोपर्यंत व्हीबॉक्समॅनेजवरच.

आता पुढचे प्रश्न. एक म्हणजे एरर कसा ओळखायचा, एक्झिट कोड बघू की एसटीडी एररवर, म्हणजे कमांडच्या एरर छापायच्या वाटेवर, काही आलं का ते बघू? क्लोन नीट झाला तरी एसटीडी एररवर शून्य टक्के, दहा टक्के असं येतं आणि माझा कोड त्याला एरर समजतो. दुसरं, टाइमआउट लावला की सबप्रोसेस मारली जाते पण क्लोन अर्धवट राहतो का? आणि व्हीएमच्या आत फाइल ठेवायला गेस्टकंट्रोल वापरतोय, त्याला युजरनेम पासवर्ड कमांडमध्येच द्यावा लागतो, ते बरोबर वाटत नाहीये.

मध्यरात्रीचा_पेजर

एकट्या कशावरच जाऊ नका. एसटीडी एरर रिकामं नाही म्हणून एरर, असं नाही, टक्केवारी तिकडेच छापली जाते. आणि एक्झिट कोड शून्य म्हणून यश, असंही नाही, व्हॅग्रंटच्या कोडमध्ये तर कॉमेंटच आहे की कधीकधी कमांड फेल होते पण कोड शून्यच देते, म्हणून ते आउटपुटमध्ये व्हीबॉक्समॅनेज, कोलन, एरर, कोलन अशी ओळ आहे का ते शोधतात. तुम्हीपण दोन्ही बघा, कोड शून्य नसेल तर एरर, शून्य असून ती ओळ असेल तरी एरर. एक्सेप्शनमध्ये पूर्ण कमांड, कोड आणि दोन्ही आउटपुट ठेवा, रात्री तीन वाजता लॉग वाचणाऱ्याचे आशीर्वाद लागतील, बहुतेक तुमचेच.

सबप्रोसेसला कमांड नेहमी लिस्ट म्हणून द्या, शेल ट्रू करून एक लांब स्ट्रिंग नको. कोणी मशीनच्या नावात स्पेस टाकली की तुटतं आणि सेमीकोलन टाकला तर त्याहून वाईट, तुमच्याकडे तर इंजिनिअरिंगची पोरं आहेत, कोणीतरी टाकणारच. मशीन ओळखायला नाव नको, यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख क्रमांक, वापरा. लिस्ट व्हीएम्समध्ये नाव अवतरणात आणि यूयूआयडी महिरपी कंसात येतो, तर ओळ शेवटाकडून वाचा, नावात काहीही असलं तरी फरक पडत नाही. सेटिंगची फाइल हलवलेल्या वगैरे मशीनचं नाव तिथे इनॲक्सेसिबल असं येतं, आणि अशा दोन असल्या की दोघींचं नाव तेच, म्हणूनही यूयूआयडी.

टाइमआउटचं, तुम्ही मारता ते व्हीबॉक्समॅनेजला, काम करत असतं व्हीबॉक्सएसव्हीसी. म्हणजे निरोप्या गेला तरी काम मागे चालू राहू शकतं. म्हणून टाइमआउट झाला की लगेच परत क्लोन मारू नका, आधी यादी बघा, त्या नावाची मशीन उगवलीये का. क्लोन स्नॅपशॉटवरून आणि लिंकचा ऑप्शन देऊनच करत असाल असं धरतो, नसाल तर करा, पूर्ण डिस्क कॉपी न होता फक्त फरकाची फाइल बनते आणि काही सेकंदांत होतं. बेसच्या त्या स्नॅपशॉटला मात्र हात लावायचा नाही, सगळे क्लोन त्याच्यावर टेकलेले असतात. २० क्लोन एकदम समांतर मारायचा मोह होईल, नको, बेसच्या लॉकवरून आपसात भांडतात. एकामागून एक क्लोन करा, स्टार्टपण थोडं अंतर ठेवून करा, एका डिस्कवर २० मशीन एकदम बूट झाल्या की सगळ्याच रांगतात.

गेस्टकंट्रोलचा पासवर्ड कमांडमध्ये दिला की त्या वेळात सर्व्हरवर पीएस, चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड, मारणाऱ्या कोणालाही तो दिसतो. पासवर्डफाइल असा ऑप्शन आहे, तो वापरा. पण मुळात गेस्टकंट्रोलला आत गेस्ट ॲडिशन्स, व्हीएमच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पॅकेज, लागतात, होस्टशी जुळणाऱ्या असल्या तर बरं, आणि तुमच्याकडे एसएसएच तर चालूच आहे. बेसमध्ये एक की टाकून ठेवा आणि एससीपीने, एसएसएचवरून फाइल पाठवणाऱ्या कमांडने, फाइल ढकला, ही अख्खी फांदी लायब्ररीतून कमी होईल. उद्या केव्हीएमवर गेलात तरी ते तसंच चालेल.

अजून एक, कोणी तुम्हाला क्रॉन सोडून सिस्टिमडीचा, लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्याचा, टायमर लाव असं सांगेल. साफसफाईला ठीक आहे, पण मशीन स्टार्ट करणारी स्क्रिप्ट तशी वनशॉट, म्हणजे एकदा चालून संपणारी, सर्व्हिस म्हणून लावली तर स्क्रिप्ट संपल्यावर सिस्टिमडी तिने उठवलेलं सगळंच आवरतं, त्यात मशीन चालवणारं व्हीबॉक्सहेडलेसपण जातं आणि सकाळी मशीन अबॉर्टेड दिसतात. जेन्किन्स या बिल्ड चालवणाऱ्या टूलमध्येही बिल्ड संपल्यावर हेच होतं.

तिसरी_विंडो

पार्सरच्या टेस्ट लिहा मात्र. खरी व्हीएम लागत नाही, शोव्हीएमइन्फो आणि लिस्टचं आउटपुट फाइलमध्ये साठवायचं, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं, आणि पार्सर त्याच्यावर चालवायचा. पूर्ण लायब्ररीसाठी पाथमध्ये व्हीबॉक्समॅनेज नावाची खोटी स्क्रिप्ट ठेवायची जी ठरलेलं टेक्स्ट आणि ठरलेला कोड देते, लॉकचा एररसुद्धा मागाल तेव्हा मिळतो. कमांड चालवणाऱ्या लायब्ररीचा हा एक मोठा फायदा आहे, एपीआयची अशी नक्कल करायला जीव जातो, हे माझ्याच बाजूच्या विरोधात गेलं पण असो.

नोटीसबोर्ड

तांत्रिक चर्चेत लुडबुड करतोय. मूळ व्हर्च्युअलबॉक्स मुक्त लायसन्सवर आहे, ७ पासून जीपीएल ३, पण एक्स्टेंशन पॅक, जादा सोयींची पुरवणी, वेगळ्या लायसन्सवर येतो, वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, धंद्यासाठी विकत. कॉलेजच्या लॅबला चालेल. त्याच सर्व्हरवर कॉलेज बाहेरच्या कंपन्यांचे पेड कोर्स वगैरे घेत असेल तर ऑफिसला आधी विचारा, आणि स्क्रिप्टमधून पॅक इन्स्टॉल करताना लायसन्स मान्य आहे हे आपोआप हो करून टाकू नका.

लॅबची_किल्ली

पेड कोर्स उन्हाळ्यात असतात खरे, विचारतो ऑफिसात. एक्स्टेंशन पॅक आम्हाला लागतोय असं वाटत नाही, काढूनच टाकतो.

गेस्टकंट्रोलची फांदी उडवली, एससीपीवर आलो, फाइल बरीच बारीक झाली. टेस्टसाठी माझ्याकडे फक्त ७.० चं आउटपुट आहे, कोणाकडे ६.१ किंवा ७.१ असेल तर शोव्हीएमइन्फो मशीनरीडेबलचं आउटपुट द्याल का? डिस्क्रिप्शनमध्ये दोनतीन ओळी असलेली मशीन असेल तर उत्तमच.

घाटाखालचा

६.१ आहे एका जुन्या लॅपटॉपवर. पाथ आणि मॅक ॲड्रेस खोडून रविवारी टाकतो.

आयतोबा

७.१ माझ्याकडून. व्हॅग्रंटने बनवलेली मशीन आहे, नाव हे एवढं लांबलचक असतं, पार्सरला चांगला व्यायाम होईल.